गर्भातला मेंदू वाढताना बघायचं काम : बेळगावातनं मायक्रोस्कोपीच्या लाईनीत कसं जायचं?

शहापूरची_नात

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात घरी आले होते तेव्हा टिळकवाडीतल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या पोरांशी तासभर बोलायला बोलावलं होतं. बोलून झाल्यावर एक मुलगी मागं थांबली आणि विचारलं, मॅडम, म्हणजे तुम्ही मशीन चालवता की रिसर्च करता? गाडीची वेळ झालेली, मी काहीतरी दोन वाक्यं बोलून निघाले, खरं रात्री राणी चन्नम्माच्या वरच्या बर्थवर पडल्या पडल्या तेच डोक्यात घोळत राहिलं. तिला नीट उत्तर द्यायचं राहिलंय म्हणून हा धागा. ती इथं असेल तर बरंच, नसेल तर कोणीतरी तिला लिंक द्या.

मी गेली पंधरा वर्षं एकच काम करते, माशाच्या अंड्यात मेंदू तयार होत असताना तो जिवंतपणी बघणं. मासा म्हणजे झेब्राफिश. हा आपल्याकडचाच, ओढ्यातळ्यातला, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. १८२२ मध्ये हॅमिल्टननं गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली आणि मग दीडशे वर्षांनी अमेरिकेत ओरेगॉनला जॉर्ज स्ट्रायसिंगरनं त्याला लॅबमध्ये आणून त्यावर जनुकशास्त्र उभं केलं, त्याचा गाजलेला पेपर १९८१ चा. मासाच का, तर अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि काचेसारखं आरपार दिसतं. आज सकाळी घातलेल्या अंड्यात उद्या सकाळी हृदय धडधडत असतं, डोळे आलेले असतात, मेंदूचे कप्पे पडलेले असतात. माणसाच्या गर्भात याला आठवडे लागतात आणि तिथं असं डोकावायची सोय नाही.

मला बघायचं असतं ते हे, की डोळ्यातनं निघालेला अ‍ॅक्सॉन, म्हणजे पेशीची लांब तार, मेंदूत बरोब्बर आपल्या जागी कशी पोचते. झेब्राफिशमध्ये ही तार साधारण ३२ ते ३६ तासांच्या सुमाराला डोळ्याबाहेर पडते, मधली रेषा ओलांडून पलीकडं जाते (माशात सगळ्याच्या सगळ्या तारा पलीकडं जातात, आपल्यात निम्म्याच्या आसपास) आणि दोन दिवस भरत आले की टेक्टम नावाच्या भागात पोचायला लागते. तारेच्या टोकाला ग्रोथ कोन असतो, पसरलेल्या पंजासारखा. तो बारीक बोटं पुढं काढतो, चाचपतो, एखादं बोट मागं घेतो, दुसरीकडं काढतो, थबकतो, मग निघतो. अंधाऱ्या खोलीत आपण भिंत चाचपत बटण शोधतो ना, तसंच.

हा ग्रोथ कोन पहिल्यांदा ओळखला स्पेनच्या काहालनं, १८९० मध्ये, कोंबडीच्या गर्भात. आणि त्याच्याकडं जिवंत काहीच नव्हतं! गोल्गीनं १८७३ मध्ये शोधलेल्या चांदीच्या रंगानं काळे केलेले मेलेले काप, एवढंच. त्या थिजलेल्या कापांत टोकाला फुगवटा बघून माणूस म्हणाला की हे टोक रेटा देत पुढं चाललंय. १९०७ मध्ये हॅरिसननं बेडकाच्या गर्भाचा तुकडा लिम्फच्या, म्हणजे अंगातल्या पातळ द्रवाच्या, थेंबात लटकवून तंतू खरोखर वाढताना बघितला तेव्हा काहालचं म्हणणं डोळ्यांना दिसलं. मला अजून काटा येतो हे लिहिताना.

आता मशीन की रिसर्च. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगते. आम्ही एक जीन बंद केलेली अंडी बघत होतो. मला चकचकीत व्हिडिओ पाहिजे होता म्हणून लेझर वाढवला आणि दर दोन मिनिटाला स्कॅन लावला. पहिले पाच-सहा तास काय सुंदर चित्र. सातव्या तासाला ग्रोथ कोन आकसायला लागले, पंजा मिटला, तार मागं सरकली. आमच्या ग्रुपमध्ये आनंदीआनंद, जीनचं काम सापडलं म्हणून. मी पण तेच धरून चालले, चार महिने तेच करत राहिले. मग एका पहाटे त्याच आगरोजमध्ये (अंडं हलू नये म्हणून ज्या जेलीत बसवतो ती), अगदी शेजारी बसवलेलं दुसरं अंडं सहज बघितलं, तशीच जीन बंद केलेलं, फक्त त्याच्यावर रात्रभर लेझर पडला नव्हता. त्याच्या तारा मस्त पलीकडं पोचलेल्या. म्हणजे जीननं काही केलं नव्हतं, मी माझ्या उजेडानं त्या तारा भाजल्या होत्या.

चार महिन्यांचं काम बाजूला ठेवलं. खरं तिथनं पुढं माझं काम काय ते मला कळलं. मायक्रोस्कोपीवाल्याचं काम चांगलं चित्र काढणं नाही. जिवाला कळू न देता बघणं हे काम आहे. किती कमी उजेडात प्रश्नाचं उत्तर मिळेल, दोन मिनिटाला बघायला पाहिजे की दहा मिनिटाला पुरेल, उजेड न पडलेलं अंडं शेजारी ठेवलंय का, आणि सगळं झाल्यावर ते पिल्लू पाण्यात सोडलं तर पोहतं का. हे ठरवल्याशिवाय प्रयोगच उभा राहत नाही, मग हा रिसर्च नाही तर काय?

विचारा काय विचारायचं ते. रोज रात्री जेवणानंतर बघेन.

खडेबाजार_कट्टा

वाचतोय. लिहीत रहा.

निपाणीकर

ताई, लेख आवडला. माझा मुलगा पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला आहे. घरात सगळे सीईटी नीट सीईटी नीट करतायत, त्याला मात्र असलंच काहीतरी करायचंय, तासन् तास यूट्यूबवर पेशींचे व्हिडिओ बघत बसतो. स्पष्ट विचारतो, राग मानू नका. यात पोट भरतं का, आणि किती वर्षांनी?

शहापूरची_नात

राग कसला काका, माझ्या बाबांनी पण हेच विचारलं होतं, ते पण मागावर बसल्या बसल्या.

सरळ सांगते. बीएस्सी तीन वर्षं, एमएस्सी दोन, मग पीएचडी पाच-सहा वर्षं धरा. पीएचडीत फेलोशिप मिळते, सीएसआयआर नेट किंवा गेट या परीक्षांमधनं जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) लागलं की १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर) झालं की ४२,०००, घरभाडं भत्ता वेगळा. मुंबईची टीआयएफआर आणि बेंगळूरची एनसीबीएस या संशोधन संस्थांसाठी जीबिल्स नावाची वेगळी परीक्षा असते. म्हणजे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पोरगं स्वतःच्या पैशावर उभं राहतं, घरनं मागावं लागत नाही. मी पहिल्या फेलोशिपमधनं आईला शिलाई मशीनला मोटर बसवून दिली. त्यानंतर परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, आणि मग इमेजिंग फॅसिलिटीत (सगळ्या लॅबना मिळून असलेल्या मायक्रोस्कोपच्या विभागात) नोकरी किंवा स्वतःची लॅब. बीएस्सी करतानाच सायन्स अकॅडमींची समर रिसर्च फेलोशिप असते, दोन महिने खऱ्या लॅबमध्ये राहायला मिळतं, प्रवासखर्च आणि स्टायपेंड देतात. त्याला त्याचा फॉर्म भरायला लावा. दोन महिन्यांत त्याचं त्यालाच कळेल हे आवडतंय का नुसता व्हिडिओ आवडतोय.

आणि डॉक्टर व्हायचं तर होऊ दे की, तिकडनंही येता येतं. काहालच्या वडलांनी पण त्याला डॉक्टरच केलं, पोराला चित्रकार व्हायचं होतं, त्याला मध्ये न्हाव्याकडं आणि चांभाराकडं शिकायला पण ठेवलं होतं. क्यूबात लष्करी डॉक्टर म्हणून काम करून साठवलेल्या पैशातनं त्यानं पहिला मायक्रोस्कोप घेतला.

खानापूर_जांबोटी

आक्का, आमच्याकडं ओढ्याला असले पट्टेवाले बारके मासे भरपूर हाईत की. मलप्रभेला मिळणाऱ्या ओढ्यात पाऊस थांबला की चमकतात बगा. तेच काय हे?

शहापूरची_नात

असू शकतील, खरं घाटातल्या ओढ्यांत त्याच घराण्यातले दुसरे डॅनिओ पण खूप आहेत, थोडे मोठे, पट्टे तुटक. पट्ट्यांवरनं घाईनं ठरवू नका. झेब्राफिशचे पट्टे सरळ, शेपटीच्या पंखापर्यंत गेलेले आणि शेपटीखालच्या पंखावर पण येतात. धरून बाटलीत घालू नका, तिथंच बसून बघा.

ऑप्टिक्स_मास्तर

मी फिजिक्स शिकवतो, चिकोडी भागात. धागा चांगला आहे, खरं एक गोष्ट राहून गेली असं वाटतं. मायक्रोस्कोपीचा पाया प्रकाशशास्त्र आहे, मासा नव्हे. १८७३ मध्ये अ‍ॅबेनं सांगितलं की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा बारीक काही वेगळं दिसणार नाही, म्हणजे २०० नॅनोमीटरच्या आसपास भिंत. ती भिंत ओलांडली म्हणून बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना २०१४ चं नोबेल. सायनॅप्समधली, म्हणजे दोन चेतापेशी जिथं जोडतात तिथली, फट २०-२५ नॅनोमीटरची. मग मेंदूची जोडणी समजायची तर सुपर-रिझोल्यूशन, म्हणजे ती भिंत ओलांडणारं तंत्र, नाहीतर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप पाहिजेच. पोरांना हे सांगा, नुसतं अंडं बघून काय होणार?

शहापूरची_नात

सर, पाया प्रकाशशास्त्र हे शंभर टक्के मान्य. मी स्वतः झूलॉजीची, फूरियर ट्रान्सफॉर्म हे त्यातलं गणित सव्विसाव्या वर्षी शिकले, आणि आधी शिकले असते तर किती बरं झालं असतं. फिजिक्सची पोरं या लाईनीत पाहिजेतच.

खरं बारीक दिसलं की जास्त कळलं, हे मला पटत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला जीव मारावाच लागतो. सी. एलिगन्स कृमीच्या ३०२ न्यूरॉन्सची, म्हणजे चेतापेशींची, सगळी जोडणी १९८६ मध्ये अशाच कापांवरनं काढली, २०२४ मध्ये माशीच्या मेंदूचे जवळपास १,४०,००० न्यूरॉन्स जोडून झाले, डोंगराएवढं काम आहे, मी मान खाली घालते त्याच्यापुढं. पण ते चित्र एका क्षणाचं. तार आधी चुकून डावीकडं गेली होती आणि मग परत आली, हे मेलेल्या कापात कधीच दिसणार नाही. आणि सुपर-रिझोल्यूशनच्या बऱ्याच तऱ्हांना इतका उजेड लागतो की दोन दिवसांचा गर्भ तो सोसत नाही. म्हणून आमच्या कामात खरा फरक केला तो लाईट-शीटनं.

पोरांसाठी सोपं करून सांगते. दुपारी दार लावलं की फटीतनं उन्हाचा पट्टा येतो आणि तेवढ्यातलीच धूळ चमकते, बाकी खोली अंधारी. लाईट-शीट म्हणजे तो पट्टा. कन्फोकल, म्हणजे नेहमीच्या लेझर मायक्रोस्कोपमध्ये मी एक थर बघत असले तरी लेझर वरखाली सगळ्या जाडीतनं जातो, म्हणजे शंभर थरांचा गठ्ठा काढला तर प्रत्येक थराला शंभर वेळा उजेड सोसायला लागतो. लाईट-शीटमध्ये बाजूनं फक्त त्याच थरावर पातळ उजेड, म्हणजे प्रत्येकाला साधारण एकदाच. मूळ कल्पना जुनी, १९०३ मध्ये झिग्मोंडी आणि सीडेनटॉफनं काचेतले सोन्याचे कण असे बाजूनं उजेड टाकून बघितले होते. गर्भासाठी ती जर्मनीत हायडेलबर्गला ह्युस्केन, स्टेल्झर मंडळींनी २००४ मध्ये उभी केली. शंभर वर्षं ती कल्पना वाट बघत होती, कारण मधे दुसरं काहीतरी यायला पाहिजे होतं, जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रोटीन. शिमोमुरांनी ते १९६२ मध्ये वेगळं काढलं, चॅल्फीनं १९९४ मध्ये ते दुसऱ्या प्राण्यात चमकवून दाखवलं. आता फक्त डोळ्यातल्या तारा चमकतील असा मासा तयार करता येतो, बाकी सगळं अंधारात.

ऑप्टिक्स_मास्तर

शंभर थर शंभर वेळा, हे गणित मी उद्याच फळ्यावर मांडतो. धन्यवाद. सुपर-रिझोल्यूशनवर माझं मत कायम आहे.

वडगाव_माग

पोरी, शहापुरात कुठल्या गल्लीतली तू. आमचा पण माग हाय. तू आजोबांचं कायतरी बोलली होतीस म्हणं कॉलेजात, माझी नात होती तिथं, ती सांगत होती.

शहापूरची_नात

होय आजोबा. आमचे आजोबा साडीच्या मागावर होते. ताण्यातली तार तुटली की दोन टोकं बोटांत धरून अशी सांधायचे की गाठ हाताला लागायची नाही, आणि सांधताना श्वास धरायचे. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांच्या शेजारी बसून तीच गाठ मारायला शिकले. त्यांच्याकडं धागे मोजायची छोटी काच होती, पितळी, घडी घालायची, कापडावर ठेवून एका इंचात किती तारा ते मोजायचे. माझं पहिलं भिंग तेच.

आज अंड्यावरचं पातळ कवच दोन चिमट्यांनी फाडून काढायला लागतं, अंडं असतं जेमतेम मिलिमीटरभर, आतल्या जिवाला टोक लागलं की संपलं. पहिल्या दिवशी बाकीच्या पोरांची दहातली आठ फुटायची, माझी दोन फुटली. श्वास धरते मी पण. मग कोमट आगरोजच्या थेंबात ते बसवायचं, घट्ट व्हायच्या आत, म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांत, डोकं बरोबर खाली आणि डोळे दोन्ही समांतर येतील असं पापणीच्या केसानं ढकलायचं. होय, पापणीचाच केस, काडीला चिकटवलेला. लाखो रुपयांच्या मशीनच्या आधी हे येतं आणि इथं चुकलं तर पुढं कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही.

वडगाव_माग

शाब्बास. हात तोच हाय मग.

उपकेंद्र_अथणी

मी नर्स आहे. ताई, तुमचं माशाचं वाचून मला आमच्या कामाचं आठवलं. गरोदर बायकांना फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतो, बऱ्याच जणी तिसऱ्या महिन्यात नाव घालायला येतात. पाठीच्या कण्यावर गाठ घेऊन जन्मलेलं एक बाळ मी बघितलंय, ती आई विचारत होती माझं काय चुकलं. हे तुमच्याच विषयात येतं ना?

शहापूरची_नात

सिस्टर, हे अगदी आमच्याच विषयातलं. मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एक सपाट पट्टी असते, ती दोन्ही कडांनी वर उचलते आणि चेनसारखी मिटून नळी होते. माणसात ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते. म्हणजे पाळी चुकली हे बाईला नीट कळायच्या आतच बरंचसं झालेलं असतं. कुठंतरी मिटायची राहिली की तुम्ही बघितलेली गाठ. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात आधी असं बाळ झालेल्या बायकांना गर्भ राहायच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. म्हणून तिसऱ्या महिन्यात सुरू केलेली गोळी बाकी कारणांसाठी चांगलीच, पण या नळीसाठी उशीर झालेला असतो. लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या पोरींना आधीच रोज ४०० मायक्रोग्रॅम सांगायला पाहिजे, आधी तसं बाळ झालं असेल तर डोस बराच जास्त, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

त्या आईला सांगा तिचं काही चुकलं नाही. कृपा करून सांगा.

उपकेंद्र_अथणी

सांगते. नवीन लग्न झालेल्यांची यादी आशाताईंकडं असते, त्यांच्याशी पण बोलते.

पुण्यात_सध्या

गोड चित्र रंगतंय म्हणून दुसरी बाजू. मी तीन वर्षं एका मोठ्या संस्थेच्या इमेजिंग फॅसिलिटीत होतो. कॉन्ट्रॅक्टवर. रात्री अकराला फोन, लेझर चालू होत नाही. प्रयोग मी बसवून द्यायचा, डेटा मी काढून द्यायचा, पेपर आला की शेवटी आभारात नाव, तेही कधी कधी. सोडलं. आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, झोप लागते.

शहापूरची_नात

तुमच्याशी भांडणार नाही, कारण माझ्याबरोबर पण झालंय. एका लॅबसाठी मी आठ महिने टाईम-लॅप्स, म्हणजे ठराविक वेळानं आपोआप चित्रं घेणं, बसवला, रात्री रात्री जागून. पेपर आला तेव्हा माझं नाव लेखकांत नव्हतं. मी मेल लिहिला, उत्तर आलं की मशीन वापरायचे पैसे तर दिले होते. त्या दिवशी मी फॅसिलिटीच्या जिन्यात बसून रडले.

त्यानंतर मी एक नियम केला आणि आजपर्यंत मोडला नाही. काम सुरू व्हायच्या आधीच, चहा पिताना नव्हे, मेलवर लिहून विचारायचं की माझं योगदान हे हे असेल, लेखकात नाव असेल का. मशीन शिकवून दिलं तर आभार पुरे. प्रयोग मी आखला, कुठला उजेड, किती वेळ, तुलनेला कुठलं अंडं ठेवायचं हे मी ठरवलं, मोजणी मी लिहिली, तर मी लेखक. दोघांनी नाही म्हटलं, त्यांचं काम घेतलं नाही. बाकीच्यांनी हो म्हटलं. पोरांनो, हे पहिल्या दिवसापासून करा. आणि कायमच्या जागा कमी आहेत हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण कोडिंग आलं की तुमच्यासारखी दुसरी वाट पण उघडी राहते.

पुण्यात_सध्या

हा मेलचा नियम मला कोणी तेव्हा सांगायला पाहिजे होता.

बीएस्सी_फायनल

मॅडम, ती मागं थांबलेली मुलगी मीच. मैत्रिणीनं लिंक दिली. सगळं दोनदा वाचलं. आमच्याकडं कॉलेजात कन्फोकल वगैरे काही नाही, साधे मायक्रोस्कोप आहेत, त्यातले निम्मे चालतात. मी बेळगावात बसून आत्ता काय करू शकते? कोडिंग येत नाही. इंग्रजी पण जरा कच्चं आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम.

शहापूरची_नात

सापडलीस! मी पण मराठी मीडियमच, पीयूसीच्या पहिल्या महिन्यात एक अक्षर कळायचं नाही. वर्षभरात बसतं ते.

फिजी नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं, जगातल्या बऱ्याच लॅब तेच वापरतात. ते उतरवून घे. त्यात नमुन्याची चित्रं दिलेली असतात, त्यावर पेशी मोजायला शीक, मग तेच काम मॅक्रोनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचनांच्या यादीनं करायला शीक, म्हणजे कोडिंग आपोआप सुरू होईल. याची गरज किती ते बघ. लाईट-शीटचा कॅमेरा २०४८ गुणिले २०४८ चा, एक चित्र सुमारे ८ एमबी. २०० थर म्हणजे १.६ जीबी. दर पाच मिनिटाला एक गठ्ठा म्हणजे तासाला १९ जीबी, बारा तासांच्या एका रात्रीत २३० च्या आसपास. हे डोळ्यांनी कोण बघणार? ज्याला मोजता येतं त्याला कुठलीही लॅब घेते.

देशातल्या लॅब काय करतात ते वाचत जा. टीआयएफआरच्या शुभा टोळे यांच्या ग्रुपनं २००८ मध्ये दाखवलं की वाढत्या मेंदूच्या कडेची एक पट्टी शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस व्हायला सांगते, म्हणजे आठवणींचा भाग कुठं बसणार ते तिथनं ठरतं. आयआयटी मद्रासनं डिसेंबर २०२४ मध्ये धरणी नावाचा गर्भातल्या मानवी मेंदूचा ॲटलास सगळ्यांसाठी खुला केला, ५,१३२ काप, घरबसल्या उघडून बघता येतात. आज रात्रीच उघड.

आणि तो चालणारा मायक्रोस्कोप आहे ना, त्याच्या सगळ्यात लहान, ४ एक्सच्या लेन्सखाली काहीतरी जिवंत ठेव. फिशटँक आहे का कोणाकडं ओळखीत? पाण्यातल्या झाडाच्या पानाखाली गोगलगायीच्या अंड्यांचा जेलीचा पुंजका असतो, तो पानासकट आण. दिवा अगदी मंद ठेव. काय दिसलं ते इथं लिही.

बीएस्सी_फायनल

मॅडम!! मामांच्या दुकानातल्या टँकमधनं आणला. प्रत्येक अंड्यात एक बारीक पिवळसर गोळा आहे आणि तो फिरतोय! आपला आपण, हळूहळू, गोल गोल, थांबतच नाही. सगळ्या बेंचवरच्या मुली बघायला आल्या. सरांनी पण बघितलं, त्यांनी पण आधी कधी बघितलं नव्हतं. का फिरतोय तो?

शहापूरची_नात

अंगावर बारीक केस असतात, सिलिया, ते वल्ह्यासारखे हलतात म्हणून. आता ऐक. हेलिसोमा नावाच्या तळ्यातल्या गोगलगायीवर झालेलं काम आहे, तिच्या गर्भात अगदी लवकर तयार होणाऱ्या न्यूरॉन्सची एक जोडी असते आणि ती सेरोटोनिन नावाचं रसायन सोडून या फिरण्याचा वेग वाढवते. म्हणजे अजून शंख धड नाही, मेंदू म्हणावा असं काही नाही, खरं दोन पेशी कामाला लागलेल्या असतात. तुझी गोगलगाय तीच आहे असं मी म्हणत नाही. म्हणून मोज. एका अंड्याची जागा कागदावर काढून ठेव, दर दोन तासांनी तेच अंडं, मिनिटाला किती फेऱ्या, पाण्याचं तापमान किती. मधल्या वेळात दिवा बंद. आणि शेजारचा एक पुंजका तसाच ठेव, मायक्रोस्कोपखाली न घेता.

बीएस्सी_फायनल

न घेतलेला पुंजका वेगळ्या वाटीत ठेवला, कापडानं झाकून. वॉचमन काकांकडनं लॅबची किल्ली मिळेल असं सरांनी सांगून ठेवलंय. पहिली नोंद उद्या सकाळी सातला.